'स्पॉक मस्ट डाय!' : वाचनमंडळात ही कादंबरी कशी घ्यावी

दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेली कादंबरी म्हटली की जाणकार वाचक नाक मुरडतो, आणि अशा बहुतेक पुस्तकांच्या बाबतीत त्याचे काही चुकत नाही. जेम्स ब्लिश यांनी 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळमालिकेवर लिहिलेली 'स्पॉक मस्ट डाय!' ही छोटी कादंबरी मात्र त्यातून वगळावी लागते. मालिकेच्या आठवणी जागवण्यासाठी ती वाचायला घेतली, तर ती बेताचीच वाटेल. पडद्यावर ज्या प्रश्नांना वेळ मिळाला नाही, त्यांतला कोणता प्रश्न लेखकाने उचलला आणि कुठवर नेला, हे पाहत वाचली, तर तीन बैठकांना पुरेल एवढा ऐवज तिच्यात आहे. सोलापुरातल्या एखाद्या वाचनमंडळाला किंवा महाविद्यालयातल्या विज्ञान मंडळाला ही कादंबरी घ्यायची असेल, तर ती कशी घ्यावी, याची ही पद्धत आहे.

आधी पुस्तकाची ओळख नेमकी करून घ्यावी, कारण 'पहिली कादंबरी' हे बिरुद एकाहून अधिक पुस्तकांना लावले जाते. मूळ मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर जून १९६९ मध्ये संपली. जानेवारी १९६७ मध्ये बॅन्टम प्रकाशनाने ब्लिश यांचे पहिले 'स्टार ट्रेक' पुस्तक काढले, पण ती कादंबरी नव्हती. प्रसारित भागांच्या पटकथांवरून लिहिलेल्या कथांचा तो संग्रह होता. १९६८ मध्ये मॅक रेनल्ड्झ यांची 'मिशन टू होरेशियस' आली. तिचे कथानक स्वतंत्र होते, तरी ती किशोरांसाठी लिहिलेली होती. प्रौढ वाचकांसाठीची पहिली स्वतंत्र कथानकाची कादंबरी म्हणजे फेब्रुवारी १९७० मधली 'स्पॉक मस्ट डाय!'. हा क्रम पहिल्या बैठकीच्या सुरुवातीला सांगून टाकावा, म्हणजे पुढे त्यावर वाद होत नाही.

प्रत मिळवताना घाई करू नये. या पुस्तकाची अनेक पुनर्मुद्रणे झाली आहेत आणि वाचनासाठी त्यांतले कोणतेही चालते. पहिल्या आवृत्तीसाठी जादा पैसे मोजणे हा संग्राहकांचा शौक आहे, वाचकांची गरज नव्हे. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी ग्रंथसंग्रहालये आहेत. तिथल्या इंग्रजी विभागात आधी चौकशी करावी, मग जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे वळावे आणि शेवटी ऑनलाइन शोधावे. चौकशी करताना पुस्तकाच्या नावाबरोबर लेखकाचे नावही सांगावे, कारण जुन्या नोंदींमध्ये अशी पुस्तके कधी मालिकेच्या नावाखाली, तर कधी लेखकाच्या आडनावाखाली लावलेली असतात. पुस्तकावर अजून स्वामित्वहक्क आहे, त्यामुळे संपूर्ण प्रतीच्या झेरॉक्स काढून वाटू नयेत. दोन-तीन प्रती आळीपाळीने फिरवल्या तरी भागते, कारण पुस्तक सव्वाशे पानांच्या आतले आहे.

जुनी प्रत हाती आली, तर सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवावा. त्या काळातल्या स्वस्त पेपरबॅकचा कागद आम्लयुक्त असतो. तो आधीच पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो आणि चाळीस अंशांच्या वरच्या कोरड्या हवेत पुठ्ठ्याच्या कण्यातला डिंक तडकतो. असे पुस्तक टेबलावर पूर्ण उघडून सपाट दाबू नये. दोन्ही बाजूंना वह्या ठेवून ते अर्धवट उघडे वाचावे, पत्र्याच्या कपाटात किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवू नये आणि सुटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत.

बैठकीपूर्वी मालिकेचे सगळे भाग पाहण्याची गरज नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेले काही सदस्य मंडळात असतीलच. त्यांच्याकडून पात्रांची ओळख करून घ्यावी. कप्तान कर्क, अर्धा मानव आणि अर्धा व्हल्कन (परग्रहावरच्या वंशाचा) असलेला तर्कनिष्ठ स्पॉक, डॉक्टर मकॉय, यंत्रज्ञ स्कॉटी आणि संदेशवहन सांभाळणारी उहुरा एवढी नावे पुरेत. भाग मात्र दोन पाहावेत. 'द एनिमी विदिन' या ऑक्टोबर १९६६ च्या भागात माणसाला एका जागेवरून दुसरीकडे पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टर यंत्राच्या बिघाडातून कर्कची दोन रूपे तयार होतात. 'एरंड ऑफ मर्सी' या मार्च १९६७ च्या भागात ऑर्गेनिया ग्रहावरचे महाबलवान रहिवासी पृथ्वीचा समावेश असलेले ग्रहांचे संघराज्य आणि क्लिंगॉन साम्राज्य यांच्यातले युद्ध जबरदस्तीने थांबवतात. कादंबरी या दोन्ही धाग्यांवर उभी आहे. दूरच्या मोहिमेवर असलेल्या 'एन्टरप्राइझ' या कर्कच्या अंतराळजहाजाला युद्ध पुन्हा पेटल्याचे आणि ऑर्गेनियाचा ठावठिकाणा लागत नसल्याचे कळते. तिकडे स्पॉकला पाठवण्याचा प्रयोग फसतो आणि जहाजावर दोन स्पॉक उभे राहतात. दोघेही स्वतःला खरा म्हणवतात. इथवरचे कथानक सदस्यांना आधी सांगायला हरकत नाही, त्यापुढचे सांगू नये.

पहिली बैठक केवळ सुरुवातीच्या प्रकरणावर घ्यावी, मग ती कितीही छोटी वाटो. मालिकेत ट्रान्सपोर्टर हे कथेची सोय म्हणून आलेले यंत्र होते; यान दर वेळी ग्रहावर उतरवून दाखवण्याचा खर्च आणि वेळ त्यामुळे वाचत असे. ब्लिश पहिल्याच प्रकरणात मकॉयच्या तोंडून त्या सोयीवरच बोट ठेवतात. इथे ज्याचे कण विलग केले तो माणूस आणि तिथे जो उभा राहिला तो माणूस एकच आहेत का? की प्रत्येक वेळी एक माणूस मरतो आणि त्याच्या सगळ्या आठवणी असलेला दुसरा जन्मतो? स्कॉटीकडे यंत्रज्ञाचे उत्तर असते, पण मकॉयचे समाधान होत नाही. हा भाग मोठ्याने वाचावा. इंग्रजी वाचनाचा सराव नसलेल्यांसाठी एका सदस्याने प्रत्येक परिच्छेदाचा मराठीत गोषवारा द्यावा; मंडळात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे सदस्य असतील तर, आणि सोलापुरात ते असतातच, त्यांनी आपल्या भाषेत हाच प्रश्न मांडून पाहावा. चर्चा आत्म्याकडे वळेल, देहान्तराची आणि परकायाप्रवेशाची उदाहरणे निघतील. ती थांबवू नये, मात्र संचालकाने दर वेळी एकच प्रश्न विचारावा : यंत्राने मूळ माणूस नष्ट न करता केवळ प्रत काढली, तर तुमचे उत्तर तेच राहील का? कादंबरीतली पुढची घटना नेमकी हीच आहे.

दुसऱ्या बैठकीसाठी तयारी लागते आणि माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत कसदार भाग इथेच आहे. 'द एनिमी विदिन'मध्ये कर्कचे विभाजन स्वभावाचे होते, एक उग्र आणि एक दुबळा; नटाच्या अभिनयातून ते दाखवता येत होते. ब्लिश यांनी विभाजन रसायनशास्त्राच्या पातळीवर नेले. दोन स्पॉकपैकी एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब आहे आणि हा उलटेपणा हातापायांपुरता न राहता रेणूंपर्यंत गेलेला आहे. त्यामुळे जहाजावरचे नेहमीचे अन्न त्याला पचत नाही, आणि त्याचे वागणे त्या अडचणीतून संशयास्पद होत जाते. ब्लिश यांनी रटगर्स विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली होती, हे इथे सांगावे. पटकथेला न सुचलेली युक्ती त्यांना का सुचली, ते त्यावरून कळते.

हा उलटेपणा समजावून सांगायला फळा पुरत नाही. एक सोलापुरी चादर आणावी. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षी तीच असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. पण कारखान्याचे नाव विणलेले असेल, तर पालटलेल्या बाजूने ती अक्षरे उलटी दिसतात. नक्षीला डावे-उजवे नाही, अक्षरांना आहे. रेणूंचेही तसेच असते : काहींचे प्रतिबिंब मूळ रेणूवर तंतोतंत बसते, काहींचे कसेही फिरवले तरी बसत नाही. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले, तेव्हापासून हा विषय रसायनशास्त्रात आला. सजीवांची प्रथिने जवळजवळ सर्वत्र डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांचीच बनतात, आणि आपली पाचक द्रव्ये त्याच घडणीला जुळतात. त्यामुळे उलट्या घडणीच्या शरीराला आपल्या ताटातले बरेचसे अन्न निरुपयोगी ठरेल, हा ब्लिश यांचा तर्क पक्क्या पायावर उभा आहे.

याचा पुरावा नाकालाही देता येतो. बाळंतशेपा चुरगाळून हुंगावा आणि मग पुदिन्याची पाने हुंगावीत. दोन्हींच्या वासात कार्व्होन नावाचे द्रव्य असते. बाळंतशेपेत त्याची एक घडण, आणि स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात तिचे प्रतिबिंब. अणू तेच आणि तेवढेच असूनही नाकाला फरक कळतो. जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा वाचलेले सदस्य इथे हटकून तिचा विषय काढतील, कारण डाव्याचे उजवे होणे हेच तिचेही सूत्र आहे. ती कथा आणि ही कादंबरी शेजारी ठेवून दोघांनी उलटेपणाचा सुगावा कसा पेरला आहे ते पाहावे. त्यासाठी अर्धा तास वेगळा काढला तरी तो कारणी लागेल.

याच बैठकीत टॅकिऑनचा उल्लेख येईल. प्रकाशाहून वेगवान अशा या काल्पनिक कणांवर कादंबरीतला प्रयोग आधारलेला आहे. अशा कणांना सापेक्षतावादात जागा असू शकते, हे मांडणाऱ्या १९६२ च्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी दोघे भारतीय होते : ई. सी. जी. सुदर्शन आणि व्ही. के. देशपांडे. टॅकिऑन हे नाव जेराल्ड फाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये रूढ केले. म्हणजे ब्लिश यांनी कादंबरी लिहिली तेव्हा ही कल्पना अगदी ताजी होती. असे कण आजवर कोणत्याही प्रयोगात सापडलेले नाहीत, हेही त्याच दमात सांगावे. नाहीतर विज्ञान मंडळातली उत्साही मुले ते गृहीत धरून बसतात.

एक ठिकाण अडखळायला लावणारे आहे. शत्रूला कळू नये म्हणून जहाजावरून पाठवायचे काही संदेश 'युरिश' नावाच्या विचित्र भाषेत आहेत, आणि ती जेम्स जॉइस यांच्या अखेरच्या कादंबरीतल्या शब्दखेळांवरून घेतलेली आहे. अर्थ लावत बसू नये. एकाने ते मजकूर मोठ्याने वाचावेत, सर्वांनी हसून घ्यावे आणि पुढे जावे.

तिसऱ्या बैठकीत उरलेली कादंबरी आणि तिचा शेवट घ्यावा. त्यासाठी सर्वांनी पुस्तक संपवून यावे, अशी अट घालावी. शेवटी ऑर्गेनियाचे रहिवासी क्लिंगॉनांना हजार वर्षे अंतराळप्रवासाची बंदी करतात. १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात क्लिंगॉन जहाजे आहेत, तेव्हा मालिकेच्या पुढच्या इतिहासात या शेवटाला जागा नाही. चाहते यावरून पुस्तकाला बाद ठरवतात, आणि मला ते पटत नाही. ब्लिश लिहीत होते तेव्हा मालिका बंद पडली होती. पुढच्या आठवड्याच्या भागासाठी सगळे जागच्या जागी परत ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, आणि म्हणून या लेखकाला शत्रूचा निकाल लावून टाकता आला. चर्चेचा प्रश्न असा ठेवावा : हा निकाल कथानकातून आला आहे, की सर्वशक्तिमान तिसऱ्याने येऊन हात झटकले आहेत? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. दोन स्पॉकच्या पेचासाठी ब्लिश यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी युद्धासाठी घेतलेली दिसत नाही, आणि अखेरची प्रकरणे घाईत उरकल्यासारखी वाटतात. शीर्षकातल्या मृत्यूचा निर्णय कर्क कोणत्या क्षणी आणि किती पुराव्यावर घेतो, ते पान शोधून पुन्हा वाचावे. पहिल्या बैठकीत मकॉयच्या बाजूने बोललेल्या सदस्यांना इथे आधी बोलू द्यावे.

मंडळाला आणखी पुढे जायचे असेल, तर ब्लिश यांच्या १९६७ च्या संग्रहातली एक कथा घ्यावी आणि तिचा मूळ भाग पाहावा. ते पटकथांवरून काम करीत असल्याने पडद्यावरचे आणि पुस्तकातले तपशील अनेक ठिकाणी जुळत नाहीत. हे फरक टिपण्याचे काम शाळकरी सदस्यांना द्यावे, ते मोठ्यांपेक्षा चोख करतात. 'मिशन टू होरेशियस' मात्र त्यांच्यासाठीच राखून ठेवावी, मोठ्यांच्या चर्चेला ती पुरत नाही.