हिरड्यांतून रक्त येत असेल तर: हिरड्यांची रोजची निगा कशी राखावी

ब्रश करताना हिरडीतून रक्त आले की पुष्कळ जण त्या जागी ब्रश लावणेच सोडून देतात आणि नेमके त्यामुळेच दुखणे वाढते. दात आणि हिरडी यांच्या कडेला जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो निघाला नाही तर हिरडी सुजते, आणि लाळेतील क्षारांमुळे तोच थर कडक होऊन त्याचे कीटण बनते. डेन्मार्कमध्ये १९६५ साली दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणे थांबवायला सांगितले, तेव्हा सुमारे दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या.

सर्वप्रथम मऊ ब्रश घ्यावा. तो दाताला काटकोनात न धरता हिरडीच्या दिशेने सुमारे ४५ अंशांत तिरका टेकवावा, म्हणजे केसांची टोके हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतात. मग जोर न लावता, जागच्या जागी बारीक थरथरवत दोन-दोन दात साफ करत पुढे सरकावे. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू विसरू नये. तेथेच लाळग्रंथींची तोंडे असल्याने कीटण लवकर जमते. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे पुरेत, पण रात्रीचे घासणे चुकवू नये.

दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही. त्यासाठी दिवसातून एकदा फ्लॉसचा धागा हळूच आत सरकवून, आधी एका आणि मग शेजारच्या दाताला लपेटून वर-खाली फिरवावा. फटी मोठ्या असल्यास बारीक इंटरडेंटल ब्रश अधिक सोयीचा.

मिश्री मात्र पूर्णपणे सोडावी. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तिने हिरड्या बळकट होतात ही समजूत चुकीची आहे. धूम्रपान करणाऱ्यांत रक्त कमी येते, त्यामुळे आजार आतल्या आत वाढला तरी कळत नाही.

बसलेले कीटण दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे. कीटण काढल्याने दात ढिले होतात असे म्हणतात, पण दातांना आधार देणारे हाड आधीच झिजलेले असते. कीटण निघाल्यावर ते फक्त लक्षात येते. झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही, म्हणून हिरडीतून पू येणे, दात हलणे किंवा हिरडी खाली सरकणे दिसताच तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी तर काहीही दुखत नसले तरी दर सहा महिन्यांनी हिरड्या दाखवाव्यात, कारण अनियंत्रित साखरेने हिरड्यांचा आजार बळावतो आणि त्या आजाराने साखर आटोक्यात ठेवणे आणखी अवघड होते.