पेरणीआधी गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून बघा, तेल जास्त असेल तर कमी करा

रोहिणी लागल्या की कुळवाची शेवटची पाळी, बियाणं, खत, सगळ्याची एकदम धावपळ सुरू होते. त्या धावपळीत ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल बदललं जातं, एअर फिल्टर साफ होतो, टायरची हवाही बघितली जाते. गिअरबॉक्सकडे मात्र कुणी बघत नाही. बघितलंच तर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची खुणांची पट्टी, न काढता वरून दोन लिटर तेल ओततात आणि म्हणतात, 'असू दे जास्त, गिअरला बरंच आहे.' मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या रानात दर खरिपाला हे बघतोय. या दोन लिटरपायी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हुकलेली रानंही बघितली आहेत.

जास्त तेल गिअरला बरं नसतं. गिअरचे दात तेलात बुडून फिरतात आणि फिरताना ते तेल घुसळतात. घोटाभर पाण्यातून चालणं आणि मांडीभर पाण्यातून चालणं यात जो फरक, तोच इथे पडतो. गिअर जितका खोल बुडेल, तेल जितकं घट्ट असेल आणि गिअर जितका वेगात फिरेल, तितकी इंजिनाची ताकद नुसतं तेल ढवळण्यात जाते. ट्रॅक्टर रिकामा चालला तरी हा खर्च चालूच राहतो. 45 एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, साधारण 38 ते 40 एचपी मिळते. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेच्या अहवालात पीटीओची ताकद मोजून दिलेली असते, ट्रॅक्टर घेताना तो आकडा जरूर बघा. इंजिन आणि पीटीओ यांच्या मधली ताकद दातांच्या घर्षणात, बेअरिंगमध्ये, हायड्रॉलिक पंपात आणि या घुसळण्यात जाते. त्यातलं घुसळणं तेवढं आपल्या हातात आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

डिझेल जास्त जातं ते एक वेळ सोडा. खरं नुकसान पुढे होतं. घुसळलेलं तेल तापतं, त्यात हवा शिरून फेस येतो, आणि फेसाळ तेल दातांवर नीट टिकत नाही. तापलेली हवा ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या छिद्रातून, बाहेर पडायला हवी, पण ब्रीदर चिखलाने बुजलेला असला की आत दाब वाढतो आणि ऑइल सील गळायला लागतं. पुढच्या सीलमधून तेल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरतो. जुन्या कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला मागच्या सीलमधून ते ब्रेकवर जातं. आणि हे सगळं नेमकं पेरणीच्या दिवशी उघडं पडतं, कारण त्या दिवशी ट्रॅक्टर सकाळपासून अंधार पडेपर्यंत थांबत नाही.

बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि लिफ्ट (अवजार वर-खाली करणारी हायड्रॉलिक यंत्रणा) यांचं तेल एकच असतं. तेलात फेस असला की लिफ्ट गचके देते, पेरणी यंत्र कुठे खोल जातं तर कुठे वर राहतं. सोयाबीनचं बी 5 सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की उगवण तुटक होते. मग दोष बियाण्याला लागतो, दुकानदाराशी भांडण होतं, आणि डिपस्टिक तेव्हाही कुणी काढत नाही.

बघायचं कसं, ते सांगतो. सकाळी ट्रॅक्टर हलवायच्या आधी, सपाट जागेवर, इंजिन बंद असताना बघा. लिफ्ट पूर्ण खाली हवी. डंपिंग ट्रॉली जोडलेली असेल तर तीही खाली हवी. ट्रॉली वर असताना तेल तिच्या जॅकमध्ये गेलेलं असतं, डिपस्टिक कमी दाखवते, माणूस तेल ओततो, आणि ट्रॉली खाली आली की पातळी खुणेच्या वर जाते. जादा तेलाचे निम्मे प्रकार इथूनच सुरू होतात, असा माझा अंदाज आहे. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. ती पूर्ण आवळून मोजायची की नुसती टेकवून, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतं. डिपस्टिकऐवजी बाजूला लेव्हल बोल्ट असेल तर तेल त्या भोकाच्या खालच्या काठाला लागेल इतकंच हवं. पातळी वरच्या खुणेच्या वर दिसली तर ड्रेन बोल्ट सैल करून स्वच्छ बादलीत थोडं थोडं काढा, दर वेळी मोजा. खालच्या खुणेच्या खाली मात्र कधीही जाऊ देऊ नका. तेल कमी पडलं तर बेअरिंग आणि दात दोन्ही जातात, आणि तो खर्च कुणालाच झेपत नाही.

तेलाचा नंबर, म्हणजे घट्टपणा, पुस्तिकेत आहे तोच वापरा. 'उन्हाळा कडक आहे, 140 घाला' असं काउंटरवर सांगतात. 90 नंबरच्या जागी 140 नंबर म्हणजे फार घट्ट तेल, पावसाळी सकाळी तर गिअरबॉक्सला ते ओढवतच नाही. घट्ट तेल ओळखण्याची माझी एक खूण आहे: सकाळी न्यूट्रलमध्ये क्लच सोडताच इंजिनाचा आवाज बसत असेल तर तेल घट्ट आहे किंवा जास्त आहे. दुसरी खूण म्हणजे भरल्या ट्रॉलीने अर्धा तास रस्त्यावर पळवून, ट्रॅक्टर उभा करून, हाऊसिंगवर तळहात ठेवायचा. तीन-चार सेकंदही हात टिकत नसेल तर आधी पातळी तपासा. या शेतातल्या खुणा आहेत, शेवटचा शब्द डिपस्टिकचा.

आवाज कमी करणाऱ्या, ताकद वाढवणाऱ्या महागड्या बाटल्या घेऊ नका. ब्रेक तेलातले असतील तर असली भर पडून ब्रेक घसरू शकतात. सुटं, बिनालेबल तेलही नको.

तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, प्रेशरने केलेली धुलाई किंवा धानाची चिखलणी, यातलं काहीतरी कारण असतं. शंका वाटली तर दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका, तडतडले तर पाणी नक्की. असं तेल कमी-जास्त करत बसू नका. पूर्ण बदला, फिल्टर आणि जाळीसकट, आणि रबर आधी बदला. डिझेल ओतून गिअरबॉक्स धुवू नका, आत राहिलेलं डिझेल नवं तेल पातळ करतं. काढलेलं तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.








रोटाव्हेटरच्या (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराच्या) गिअरबॉक्सलाही तेलाच्या पातळीचं हेच लागू आहे. मधली पेटी आणि बाजूची पेटी वेगळी असते, दोन्हीचे लेव्हल बोल्ट उघडा. बाजूच्या पेटीत तोंडापर्यंत ग्रीस आणि तेल कोंबतात, मग तिचं सील गळतं, माती आत शिरते आणि बेअरिंग जातं. काळ्या रानात चांगल्या पावसानंतर वाफसा थोडेच दिवस टिकतो आणि त्या दिवसांत तालुक्याला फिटर मिळत नाही. पहिल्या पावसाची वाट बघू नका, या आठवड्यातच बोल्ट उघडा.