किराण्याचं बिल आवरायचं तं हिवाळ्यातच पदर खोचावा लागते

पहिला एक महिना काही बदलू नका, फक्त लिहा. पोराच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घ्या अन् खायचं म्हणून घरात जे जे आलं ते सगळं लिहा, पाव किलो डाळ, चहापत्तीची पुडी, पोट्ट्यांचे कुरकुरे, सगळं. मला आधी वाटायचं आपला पैसा डाळ-तांदळात जाते, पण लिहिलं तेव्हा समजलं की तो जात होता तेलात, चहा-साखरेत अन् त्या दहा-दहा रुपयाच्या पुड्यांत. अन् सगळ्यात मोठं भोक तं एका महिन्याच्या वहीत दिसतच नाही, ते म्हणजे जून ते सप्टेंबर. पेरणीत सगळा पैसा बियाण्यात-खतात गेलेला, घरची डाळ संपलेली, मग गावातल्या दुकानातून पाव-पाव किलो उधारीवर आणायचं, अन् उधारी म्हटलं की दुकानदार सांगन तो भाव. भाजी पण नेमकी तेव्हाच महाग. त्यामुळं जुलैत काटकसर करतो म्हणणं म्हणजे पोटाला चिमटा घेणं आहे, दुसरं काही नाही. जुलैचा सयपाक जानेवारीपासून करावा लागते.

तुरीपासून सुरू करा. वावर असो नसो, तूर निघते तेव्हा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, वर्षभराची अख्खी तूर घेऊन ठेवा. ज्यांना शेती नाही त्यांनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या, तो बाजारात नेतो त्या भावात देईल अन् त्याचं भाडं वाचेल. डाळ घरी करायला अवघड नाही फक्त अंगमेहनत आहे. तुरीला तेला-पाण्याचा हात लावून रात्रभर झाकून ठेवायची, मग दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, जात्यावर भरडायची अन् पाखडायची. 100 किलो तुरीची साधारण 70 किलोच्या आसपास डाळ पडते, ते धरूनच हिशेब करा नाहीतर मधात कमी पडते. चुरी अन् टरफल शेळीला, काही वाया जात नाही. आता बऱ्याच गावांत मिनी डाळमिल झाली आहे, तिथं पण होते, फक्त आपली तूर आपल्या डोळ्यासमोर भरडून घ्या एवढंच सांगते. ठेवताना पूर्ण वाळलेली, थंड झालेली डाळ कोठीत भरायची अन् मधात मधात कडूलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला टाकायचा. ओला पाला टाकला तं बुरशी धरते, हे मी करून बसली आहे.

आता डाळ असली म्हणून रोज घट्ट वरण नाही करायचं. आमच्याकडं आठवड्यातून तीन दिवस डाळभाजी असते. एक वाटी तूरडाळ, अर्धी वाटी चणाडाळ (ती बहुतेकवेळा तुरीपेक्षा स्वस्त असते), मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), अन् पालकाची एक मोठी जुडी, त्यात थोडा आंबट चुका असला तं अजून बेस. दोन्ही डाळी अर्धा तास भिजवून मगच कुकरला लावा, शिट्ट्या कमी लागतात अन् सिलिंडर चार दिवस पुढं जाते. वरून लसूण अन् लाल मिरचीची फोडणी. दीड वाटी डाळीत सहा माणसं भाकरीसोबत पोटभर जेवतात, नुसतं वरण केलं तं तेवढ्यात चारच. पालक नसला तं दुधी टाका, कोहळं टाका, मुनग्याच्या (शेवग्याच्या) शेंगा टाका, मुनगा तं दारातच असते सगळ्यांच्या.

दुसरा आधार म्हणजे चून. पुण्या-मुंबईकडचे पिठलं म्हणतात ते. एक वाटी बेसन अन् चार वाट्या पाणी, कांदा, लसूण, हिरवी मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, झालं. पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत. बेसन विकत घेऊ नका, चणाडाळ चक्कीवर थोडी जाडसर दळून आणा, बाजारच्या बेसनात काय काय मिसळलेलं असते ते कोणी पाहिलं. अन् जाड दळलेलं असलं की गोळाभात पण त्याच पिठाचा होते. गोळाभात म्हणजे आमच्याकडं पाहुणे आले अन् घरात भाजी नाही अशा वेळचा मानाचा पदार्थ. वाटीभर जाड बेसनात तिखट, मीठ, हळद, ओवा अन् दोन चमचे गरम तेलाचं मोहन, थोड्या पाण्यात घट्ट भिजवून लिंबाएवढे गोळे करा. दोन वाट्या तांदूळ शिजायला ठेवा, अर्धवट शिजला की गोळे त्यात दाबून ठेवा, झाकण लावा, मंद आच. ताटात भात घ्यायचा, गोळा कुस्करायचा अन् वरून मोहरी-लाल मिरचीची गरम फोडणी. भाजी नाही, वरण नाही, अन् पाहुणा परत मागून घेते.

भातावरून रेशनचं आठवलं. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो अन् अंत्योदयला घरामागं 35 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून फुकट. अन् आपले लोक काय करतात, तो तांदूळ दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला मिळन त्या भावात विकतात अन् त्यात भर टाकून बारीक तांदूळ आणतात. मी पण विकायची, खोटं कशाला बोलू. पण एकदा हिशेब केला अन् बंद केलं. जाड तांदूळ साध्या भाताला नसन आवडत तं गोळाभाताला चालते, रात्री उडदाच्या डाळीसोबत भिजवून सकाळी दोश्याला चालते, धुऊन वाळवून दळून आणला तं चकलीला चालते. अजून एक, रेशनच्या तांदळात काही दाणे पिवळसर, वेगळेच दिसतात, धुताना तरंगतात कधी कधी, अन् बायका प्लास्टिकचे म्हणून वेचून फेकतात. ते प्लास्टिक नाही बाप्पा! ते तांदळाच्या पिठाचेच दाणे आहेत, त्यात लोह, फॉलिक ॲसिड अन् बी-12 घातलेलं असते अन् 100 दाण्यात एक या हिशेबानं मिसळलेले असतात. आपल्या अंगात रक्त नाही म्हणून सरकारनं टाकलेले अन् आपण ते कोंबड्यांना घालतो.

वाळवण. इथं मी जरा जास्त बोलीन कारण खरा पैसा इथंच वाचते. डिसेंबरात हरभरा वीतभर झाला की शेंडे खुडतात, त्यानं झाडाला फांद्या फुटतात म्हणून शेतकरी पण नाही म्हणत नाही. तो पाला धुऊ नका, त्याची आंबच त्याची चव आहे, धुवायचं ते शिजवायच्या वेळी पाहू. सावलीत पसरून कडकडीत वाळवा अन् डब्यात दाबून भरा. पावसाळ्यात दोन मुठी पाला, मूठभर तूरडाळ, चमचाभर ज्वारीचं पीठ अन् ढीगभर लसूण, एवढ्यात एका वेळची भाजी. भेदरे, म्हणजे टमाटे, हिवाळ्यात आठवडी बाजारात संध्याकाळी उठायच्या वेळी मातीमोल जातात, विकणारी बाई परत न्यायला तयार नसते. तेव्हा पाच-सहा किलो घ्या, पातळ चकत्या, मीठ लावा, तीन-चार दिवस ऊन, मिक्सरमधून भुकटी. ती भुकटी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीतच ठेवा, मी पहिल्या वर्षी स्टीलच्या डब्यात ठेवली अन् जुलैत दगड झाला, उलथन्यानं फोडून वापरली. वांग्याच्या काचऱ्या, गवारीच्या शेंगा हेच, वेगळं काही नाही.

अन् वड्या. एक किलो मूगडाळ पाच-सहा तास भिजवून जाडीभरडी वाटायची, पाणी जितकं कमी तितकं चांगलं. त्यात किसलेलं कोहळं घट्ट पिळून, आलं-लसूण-मिरचीचा वाटण, जिरं, मीठ. जुन्या धुतलेल्या लुगड्यावर बोरभर तोडायच्या. दोन दिवसांनी उलटवायच्या, चार-पाच दिवसांत दातानं तुटत नाहीत अशा झाल्या पाहिजेत. एका वर्षी मी शहाणपणा करून सगळ्या पाच किलोच्या एकाच दिवशी टाकल्या, मार्चात, अन् तिसऱ्या दिवशी दुपारून आभाळ भरून आलं, मी वावरात कापसाच्या शेवटच्या वेचणीला, घरी येऊन पाहते तं स्लॅबवर गारा अन् वड्यांचा चिखल. आठवड्याभरात काळी बुरशी. तेव्हापासून एका वेळी एकच किलो अन् जवळ ताडपत्री. पावसाळ्यात मूठभर वड्या थोड्या तेलात परतून, खलबत्त्यात अर्धवट कुटून, एक आलू टाकून रस्सा केला की पाच माणसांचं होते, अन् लेकरं मटणासारखा लागते म्हणतात, म्हणू द्या.

पाऊस पडला की पहिले पंधरा दिवस बाजारात जाऊच नका भाजीला. तरोटा, म्हणजे टाकळा, उगवते, त्याची अगदी कोवळी दोन-चार पानांची रोपं घ्यायची, जून झाला की कडवट होते. घोळ असते, कुंजर असते, पुढं काटवल, म्हणजे करटोली, निघतात, ते विकत घ्यायला गेलं तं भाव ऐकून चक्कर येते पण कुपाटीवर, म्हणजे काट्याच्या कुंपणावर, सापडतात. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, सोयाबीन-कपाशीच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, भाजी तोडू नका, आजकाल तणनाशक सगळेच मारतात अन् मारलेलं लगेच दिसत नाही. आपल्या किंवा विचारलेल्या जागेवरचीच तोडा. पुढं अंबाडी येते. अंबाडी उकळून पाणी फेकायचं, नाहीतर दात आंबतात, मग त्यात ज्वारीच्या कण्या अन् थोडी तूरडाळ शिजवून घोटायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी. कण्यांमुळं भाजी दुप्पट होते.

ज्वारीचं मात्र आता पहिल्यासारखं राहिलं नाही. आमच्या लहानपणी ज्वारी गरिबाची अन् गहू सणाचा होता, आता सगळ्यांनी सोयाबीन पेरलं अन् ज्वारी गव्हाहून महाग झाली. म्हणून रोज भाकरी करा असं मी सांगणार नाही. पण आठवड्यातून दोनदा कळण्याची भाकरी करा, चार भाग ज्वारी अन् एक भाग उडीद सोबत दळून आणायचं, त्या भाकरीसोबत ठेचा अन् कांदा असला की डाळ-भाजीची गरज नाही, उडीद पोटात गेलेलाच असते.

तेलाला एकच उपाय, कॅनमधून थेट कढईत ओतायचं बंद. सोमवारी आठवड्याचं तेल मापून एका बरणीत काढा अन् रविवारपर्यंत तेवढंच. पहिल्या आठवड्यात आमचं शुक्रवारीच संपलं, हे चिडले, दोन दिवस चटणी-भाकरी खाल्ली. दुसऱ्या महिन्यापासून बरोबर बसलं. रश्श्याला तर्री पाहिजेच असते आपल्याकडं, मान्य, पण कांदा तेलात तळण्यापेक्षा चुलीच्या निखाऱ्यात नाहीतर गॅसवर जाळीत भाजून वाटा, अन् दाटपणाला चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ लावा. जवसाची चटणी करून ठेवा, ती असली की कोरड्या भाकरीवर तेल मागत नाही कोणी.

पुड्यांचं सगळ्यात अवघड. लेकराला नुसतं नाही म्हणून भागत नाही, शाळेतून आल्यावर चार वाजता हातात काहीतरी द्यावंच लागते. मुरमुऱ्याचा चिवडा, फुटाणे, फल्लीदाणे-गूळ, हरभऱ्याच्या घुगऱ्या, असं डब्यात आधीच पाहिजे, लेकरू आल्यावर करायला बसलं की ते दुकानात पोचलेलं असते.

शिळ्याचं सगळ्यांना येते, शिळ्या भाकरीचा कुस्करा, उरलेलं वरण कणकेत टाकून पोळ्या किंवा थालीपीठ. एवढंच की आपल्याकडं विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, तेव्हा रात्रीचा भात सकाळी वास घेऊन पाहू नका, वास नसला तरी बिघडलेला असू शकते. उन्हाळ्यात रात्री भात उरणारच नाही एवढाच लावा.

भंडारा-गोंदियाकडच्या बाया लाखोळीची डाळ पण सुचवतात, स्वस्त असते, वडे तं फारच छान होतात. वर्षानुवर्षं तिच्या विक्रीवर बंदी होती कारण दुष्काळात रोज तीच खाल्ली की पाय लुळे पडायचे. करायची असली तं गरम पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या अन् कधीमधीच करा, तुरीच्या जागी रोज नाही.

अन् कुठं वाचवू नये ते पण सांगते. लेकरांचं दूध-अंडं अन् पोटुशी बाईची डाळ, यात हात लावायचा नाही. आपल्या घरात काटकसर म्हटलं की बाई शेवटी जेवते अन् गंजाला, म्हणजे पातेल्याला, लागलेलं खरवडून खाते, ती वाचवलेली वाटी कोणत्याच वहीत येत नाही, दवाखान्यात येते. मी आता सगळ्यांसोबत ताट वाढून घेते, सासूबाईंना पहिले आठ दिवस जड गेलं.

मृग लागायच्या आत एकदा सगळे डबे उघडा. डाळीला एक शेवटचं ऊन, वड्या-पाल्याला एक ऊन, अन् कोठी भिंतीपासून हातभर पुढं ओढून खाली दोन विटा ठेवा, ओल भिंतीतून येते. अन् एका कागदावर लिहा काय किती आहे, तो कागद कोठीच्या झाकणाला आतून चिकटवा, जेवढं काढलं तेवढं खोडत जा.