टाइमिंग लावण्याआधी पहिला सिलिंडर कसा ओळखावा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की जुन्या पेट्रोल गाड्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. गावात व्यवस्थित चालणारी गाडी तुळजापूरचा घाट चढताना इंजिनातून खडखड आवाज करते, आणि मालक गॅरेजवाल्याला टाइमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, थोडे मागे (उशिरा) घ्यायला सांगतो. आत येणारी हवाच तापलेली असल्याने मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो, म्हणून टाइमिंगवर संशय घेणे योग्यच आहे. परंतु पहिला सिलिंडर कोणता आणि त्याचा पिस्टन नेमक्या कोणत्या फेरीत टॉपला (सर्वांत वरच्या टोकाला) आला आहे, हे स्वतः तपासल्याशिवाय डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग, फिरवणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

हे मार्गदर्शन प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल अँबॅसडर, कार्ब्युरेटरची मारुती ८०० अशा डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाड्यांसाठी आहे. काम सकाळी, इंजिन थंड असताना करावे. चावी बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकामागे दगड, एवढी तयारी आधी असावी.

पहिला सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूचा, असे ठामपणे सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांच्यावर विसंबू नये, कारण सिलिंडरचा क्रमांक ड्रायव्हरच्या जागेवरून ठरत नाही. बहुतेक इंजिनांत फ्लायव्हीलच्या (क्लचकडच्या जड चाकाच्या) विरुद्ध टोकाचा, म्हणजे क्रँक पुली आणि टाइमिंग चेन किंवा बेल्ट असलेल्या बाजूचा सिलिंडर पहिला असतो. पद्मिनी आणि अँबॅसडरमध्ये इंजिन लांबीत बसवलेले असल्याने रेडिएटरला सर्वांत जवळचा तो पहिला, आणि तिथून मागे दुसरा, तिसरा, चौथा. मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे बसवलेले आहे. तिथे ‘पुढचा’ या शब्दाला अर्थ उरत नाही, म्हणून पुलीचे टोक शोधून तिथूनच मोजावे. याला अपवाद आहेत. रेनो आणि प्युजो या फ्रेंच कंपन्यांच्या इंजिनांत मोजणी फ्लायव्हीलच्या बाजूने सुरू होते, त्यामुळे एखादी जुनी प्युजो ३०९ समोर आली तर सगळा हिशोब उलटा धरावा लागतो.

सिलिंडरचा क्रमांक आणि ठिणगीचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रमांक जागेवरून ठरतो आणि ठिणगीचा क्रम, म्हणजे फायरिंग ऑर्डर, इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. पद्मिनी आणि अँबॅसडर यांचा क्रम १-३-४-२ आहे, तर मारुती ८०० चा १-३-२.

यानंतर प्लगभोवतीची धूळ फुंकून किंवा ब्रशने झाडून काढावी, कारण आपल्याकडच्या रस्त्यांवरची बारीक माती प्लग सोडवताच सिलिंडरमध्ये पडते. वायरींना चिकटपट्टी लावून त्यांवर सध्याचे क्रमांक लिहावेत, मात्र ते बरोबरच आहेत असे गृहीत धरू नये. सगळे प्लग काढल्यास इंजिन हाताने सहज फिरते.

आता मुख्य काम. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका पूर्ण चक्रासाठी क्रँकला दोन फेऱ्या घ्याव्या लागतात आणि तेवढ्या वेळात डिस्ट्रिब्युटरचा रोटर, म्हणजे त्याच्या आतला फिरता तुकडा, एकच फेरी घेतो. याचा परिणाम असा की पहिला पिस्टन एका चक्रात दोनदा टॉपला येतो: एकदा मिश्रण दाबून, म्हणजे ठिणगीच्या वेळी, आणि एकदा जळालेला धूर बाहेर ढकलून. पुलीवरची टॉप दाखवणारी खूण दोन्ही वेळा तंतोतंत जुळते, त्यामुळे नुसत्या खुणेवरून काहीही सिद्ध होत नाही.

दाबाची फेरी ओळखण्याचा जुना उपाय अंगठ्याचा आहे. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून धरावा आणि दुसऱ्या माणसाने पुलीच्या नटाला पाना लावून किंवा जुन्या गाडीत पुढून हँडल घालून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवावे. हवा अंगठ्याला जोराने उचलू लागली की दाबाची फेरी सुरू झाली. तिथून पुलीवरची खूण ठरलेल्या जागी येईपर्यंत फिरवत न्यावे. हात पोहोचत नसेल तर कागदाचा बोळा भोकाच्या तोंडात बसवावा, तो दाबाने उडतो. काही जण भोकातून काडी घालून पिस्टनचा चढ पाहतात, पण भोक तिरके असेल तर काडी अडकून मोडते; मला ही पद्धत पसंत नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक खात्रीचा पुरावा टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) कव्हर काढल्यावर मिळतो. पहिला आणि चौथा पिस्टन बरोबरीने वर येतात. पहिला दाबाच्या टॉपला असतो तेव्हा चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनलेट नुकताच उघडू लागलेला असतो, म्हणून चौथ्याचे दोन्ही टॅपेट हलताना दिसतात आणि पहिल्याचे दोन्ही सैल लागतात. मारुतीच्या तीन सिलिंडरमध्ये अशी जोडी नसल्याने तिथे अंगठाच उपयोगी पडतो.

खूण काही गाड्यांत पुलीवर असते, तर काहींत फ्लायव्हीलवर, आणि ती क्लच हाउसिंगवरचे रबरी बूच काढून छिद्रातून पाहावी लागते. ती पुसून तिच्यावर खडूने किंवा व्हाइटनरने रेघ ओढावी. खूण चुकून ओलांडली गेली तर तेवढेच मागे आणू नये. पाव फेरी मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेने खुणेवर यावे, म्हणजे चेन आणि गिअरमधला ढिलेपणा मोजमापात शिरत नाही.

इंजिन या स्थितीत असताना डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडावी. रोटर ज्या टोकाकडे तोंड करून उभा आहे, तेच पहिल्या सिलिंडरच्या वायरीचे टोक. इंजिन थोडे फिरवून रोटरची दिशा पाहावी आणि त्याच दिशेने उरलेल्या वायरी फायरिंग ऑर्डरप्रमाणे लावाव्यात. दिशा उलटी धरली तर १-३-४-२ चे १-२-४-३ होते. मग पहिला आणि चौथा बरोबर पेटतात, दुसरा आणि तिसरा एकमेकांची ठिणगी घेतात, आणि गाडी दोन सिलिंडरवर थरथरत कशीबशी चालते. मारुतीत हीच चूक झाली तर फक्त पहिला सिलिंडर वेळेवर पेटतो.

माझ्या पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर एकदा दुरुस्तीनंतर अर्धी फेरी चुकवून बसवला गेला होता. स्टार्टर मारताना टाइमिंग लाइट (प्लगच्या वायरीला पकड लावली की ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) खूण अगदी जागेवर दाखवत होता, तरी गाडी सुरू होईना आणि कार्ब्युरेटरमधून धडाके येत होते. कारण उघड होते. ठिणगी बरोबर एक फेरी उशिरा पडत असेल तरी प्रकाशात खूण तीच दिसते, आणि चार सिलिंडरच्या गाडीत लाइटची पकड चौथ्याच्या वायरीला लावली तरीही. अंगठा लावला तेव्हा दोन मिनिटांत उलगडा झाला. पहिल्या-चौथ्याच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या वायरींची अदलाबदल करताच गाडी सुरू झाली.

पहिला सिलिंडर नक्की झाल्यावर प्रथम काँटॅक्ट पॉइंटचे (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचे) अंतर फीलर गेजने लावावे. अँबॅसडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरमध्ये ते ०.३६ ते ०.४१ मिलिमीटर असते. हे काम आधी करण्याचे कारण म्हणजे अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि टाइमिंग आपोआप पुढे सरकते. मग पहिला पिस्टन दाबाच्या फेरीत आणि खूण गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंशावर असताना, १२ व्होल्टच्या दिव्याची एक वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला जोडून चावी चालू करावी. क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर प्रथम रोटरच्या दिशेने फिरवून दिवा विझवावा, मग विरुद्ध दिशेने हळूच फिरवत दिवा जिथे पेटतो तिथे थांबावे, कारण त्या क्षणी पॉइंट उघडतात. क्लॅम्प आवळल्यावर पुन्हा एकदा तपासावे. आवळताना डिस्ट्रिब्युटर किंचित सरकतोच.

प्लग बसवून इंजिन गरम झाल्यावर टाइमिंग लाइटने खात्री करता येते. पकड पहिल्याच्या वायरीवर लावावी, पुस्तकात सांगितले असल्यास डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, आणि सैल बाही व पंचा फॅनपासून दूर ठेवावा.

नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत टाइमिंग संगणकच ठरवतो, त्यामुळे फिरवण्यासारखे काही उरत नाही. तरीही स्कॅनरवर पी-०३०१ दिसले तर मिसिंग पहिल्या सिलिंडरमध्ये आहे एवढेच कळते. तो कोणत्या टोकाला आहे, हे पुली शोधूनच ठरवावे लागते.

शेवटची चाचणी घाटातच होते. दोन माणसे बसवून तुळजापूरचा चढ टॉप गिअरमध्ये घ्यावा. खडखड आली तर क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने अंश-दीड अंश सरकवावा. आवाज गेला पण गाडी ओढत नसेल आणि इंजिन लवकर तापत असेल, तर टाइमिंग जरुरीपेक्षा मागे गेले आहे.