सीएमए अवॉर्ड्सच्या रात्रीची तयारी (फक्त डुओ आणि ग्रुपवाल्यांसाठी)

सीएमए म्हणजे अमेरिकेतली कंट्री म्युझिक असोसिएशन, तिचा दरवर्षीचा बक्षीस सोहळा आम्ही इथे नॅशव्हिलला घरी जमून टीव्हीवर बघतो. गेल्या वर्षी आमच्याकडे अकरा माणसं जमली होती आणि नेमकं व्होकल ग्रुपच्या बक्षिसाचं नाव जाहीर होताना टीव्ही अडकला, म्हणून यंदा सगळं आधीच लिहून काढतेय. चूक माझीच होती, जेवणाची भांडी ठेवायला जागा हवी म्हणून मी अँटेना खिडकीतून काढून फ्रिजच्या मागे सरकवला होता. त्यामुळे पहिलं काम अँटेनाचं. सीएमए एबीसी या टीव्ही वाहिनीवर लागतं, नॅशव्हिलला ते चॅनल २ वर फुकट दिसतं, पण अँटेना खिडकीत हवा आणि आदल्या रात्री अर्धा तास तरी चालवून बघायचा, अगदी पाच मिनिटं आधी नाही. इंटरनेटवर, म्हणजे हुलूवर, दुसऱ्या दिवशी येतं, त्याचा त्या रात्री काही उपयोग नाही.

तारीख बघून घ्या. नोव्हेंबरातला बुधवार असतो बहुतेक, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा, त्यामुळे ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना आधीच सांगून ठेवायचं की कार्यक्रम आपल्याकडे संध्याकाळी सातला सुरू होतो तो दहापर्यंत चालतो, जेवण साडेसहाच्या आत उरकायचं. भारतातून कोणी व्हिडिओ कॉलवर येणार असेल तर त्यांच्याकडे गुरुवारी सकाळचे साडेसहा. आणि ज्यांना भारतात बसूनच असलं काही बघायचंय त्यांनी एसीएम धरावं, म्हणजे अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकवाल्यांचं, ते मे महिन्यात असतं आणि २०२२ पासून प्राइम व्हिडिओवर लागतं. पुण्यातला माझा भाचा तेच बघतो. पण ही यादी सीएमएचीच आहे. १९६७ ला पहिला सोहळा झाला, म्हणजे २०२६ चा साठावा, म्हणून जरा जास्त थाट.

आता चिठ्ठ्या. आमच्यात पैज फक्त दोनच बक्षिसांवर लागते, व्होकल डुओ ऑफ द इयर (गाणारी जोडी) आणि व्होकल ग्रुप ऑफ द इयर (गाणारा गट), कारण एंटरटेनर ऑफ द इयर या सगळ्यात मोठ्या बक्षिसावर सगळेच बोलतात आणि तिथे नुसतं भांडण होतं. प्रत्येकी पाच डॉलर, दोन चिठ्ठ्या, स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायच्या (बरणी धुऊन, वाळवून, गेल्या वर्षी चिठ्ठ्यांना तेल लागलं होतं). सात वाजले की बरणीचं झाकण बंद. त्यानंतर कोणी म्हणालं मला बदलायचंय, तर नाही म्हणजे नाही.

चिठ्ठी भरायच्या आधी जुना हिशोब माहीत पाहिजे, आणि हे मी सगळ्यांना दरवर्षी सांगते तरी कोणी ऐकत नाही. हे सारेगमपसारखं एसेमेस पाठवायचं प्रकरण नाही, मतं सीएमएचे मेंबर देतात, म्हणजे याच धंद्यातली माणसं, आणि धंद्यातल्या माणसांना सवय लागली की सुटत नाही. ग्रुपचंच बघा ना, २००३ ते २००८ सलग सहा वर्षं रास्कल फ्लॅट्स, मग तीन वर्षं लेडी अँटेबेलम, मग २०१२ पासून सहा वर्षं लिटल बिग टाउन, मग २०१८ ते २०२४ सात वर्षं ओल्ड डोमिनियन. बावीस वर्षांत चारच नावं! म्हणजे या काळात तुम्ही डोळे मिटून 'गेल्या वर्षीचाच' असं लिहीत गेला असतात तर २००४ पासून २०२४ पर्यंत एकवीसपैकी अठरा वेळा बरोबर आला असतात, इतका अभ्यास करून आमच्यातल्या कोणाचाच कधी एवढा स्कोअर झालेला नाही. डुओमध्ये तर अजूनच कमाल, ब्रुक्स अँड डन १९९२ ते २००६ दरवर्षी, मधलं फक्त २००० चं माँटगोमेरी जेंट्रीला गेलं. मग हे दोघं वेगळे झाले, २०१० ला निरोपाचा दौरा केला, पुन्हा एकत्र आले, आणि २०२४ आणि २०२५ ला परत त्यांनाच मिळालं. सोळा झाली. टिम ड्युबॉइस नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने या दोघांची गाठ घालून दिलेली, आधी एकमेकांना नीट ओळखतही नव्हते, अगदी कांदेपोहे करून जमवलेलं लग्न, आणि तेच टिकलं.

तर नियम सोपा, गेल्या वर्षीचा लिहा. आणि २०२५ ला आम्ही सगळ्यांनी तेच केलं, अकरातल्या दहा चिठ्ठ्यांवर ओल्ड डोमिनियन. अकरावी माझ्या आईची. ती सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली, तिला यातलं कोणीच माहीत नाही, तिने द रेड क्ले स्ट्रेज लिहिलं कारण तांबडी माती म्हटल्यावर तिला आपलं काहीतरी वाटलं. टीव्ही अडकला, आम्ही सगळे फ्रिजमागे हात घालतोय, आणि पुन्हा चित्र आलं तेव्हा मोबाईल (म्हणजे अलाबामातलं मोबाईल गाव, फोन नाही) इथली ती पोरं आधीच स्टेजवर उभी. आईने पंचावन्न डॉलर पर्समध्ये ठेवले आणि झोपायला गेली.

दुसरी गोष्ट, डुओ म्हणजे नेमकं कोण हे ठरवून घ्या, नाहीतर आयत्या वेळी वाद होतो. सीएमएच्या डुओमध्ये कायम एकत्र गाणारी जोडी लागते. दोन वेगवेगळे गायक एका गाण्यापुरते एकत्र आले तर त्यांना म्युझिकल इव्हेंटचं वेगळं बक्षीस आहे. ग्रॅमीचं उलटं, तिथे कंट्री डुओ-ग्रुपचं बक्षीस त्या एका रेकॉर्डिंगला मिळतं, म्हणून २०२५ ला ते बियॉन्से आणि मायली सायरसला गेलं, ज्यांना कोणीच जोडी म्हणणार नाही. आमच्याकडे एक मैत्रीण दरवर्षी ग्रॅमीवाली नावं सीएमएच्या चिठ्ठीत लिहिते. यंदा बरणीवरच कागद चिकटवणार आहे.

आणि सीएमएवाल्यांनाही आधी हे नीट कळत नव्हतं बरं का. डुओचं वेगळं बक्षीस १९७० ला आलं, त्याआधी पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टनला १९६८ ला व्होकल ग्रुपमध्येच दिलं, पुढच्या वर्षी जॉनी कॅश आणि जून कार्टरलाही ग्रुपच. द जड्स म्हणजे नाओमी आणि वायनोना, मायलेकी, दोघीच, तरी १९८५ ते ८७ व्होकल ग्रुप त्यांना, आणि मग १९८८ ते ९१ व्होकल डुओ. नावांचाही गोंधळ होतो, लेडी अँटेबेलमचं २०२० ला लेडी ए झालं, डिक्सी चिक्सचं नुसतं द चिक्स, चिठ्ठीत जुनं नाव लिहिलं तरी चालेल असं आमच्यात ठरलंय. नावांवरून आठवलं, स्टॅटलर ब्रदर्सना हेच ग्रुपचं बक्षीस नऊ वेळा मिळालं आणि त्यांच्यात स्टॅटलर आडनावाचं एकही माणूस नव्हतं, भाऊ पण चौघांत दोघंच. हॉटेलच्या खोलीत टिश्यूच्या खोक्यावर स्टॅटलर लिहिलेलं दिसलं, ठेवलं नाव.

आता ऐकायची तयारी, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक करत नाहीत. आठवडाभर आधी गाडीत ऑफिसला जाताना नामांकनातले पाच डुओ आणि पाच ग्रुप रोज थोडे ऐकायचे, पण पुढचा आवाज नाही ऐकायचा, मागचा ऐकायचा. आपल्याकडे दोघं एकत्र गायले तर बहुतेक एकाच सुरात गातात, भजनी मंडळात पन्नास माणसं असली तरी चाल एकच. इथे एक जण सा वर असतो तेव्हा दुसरा ग वर, आणि दोघं समांतर चालत राहतात, एकमेकांच्या पायात न येता. पहिली चार वर्षं मला हे ऐकूच येत नव्हतं, फक्त आवाज जाड झालाय असं वाटायचं. आईला पहिल्याच दिवशी ऐकू आलं. मी जड्स लावले होते, पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अगं, ही मागची वेगळंच काहीतरी गातेय, झील धरल्यासारखी, पण वरच्या सुरात." लेक पुढे गाते आणि आई मागे झील धरते, हे तिला फारच आवडलं. मग मी सांगितलं की नाओमी २०२२ ला एप्रिलच्या तीस तारखेला गेली, आणि दुसऱ्याच दिवशी दोघींचा कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये समावेश व्हायचा होता, तो झाला, वायनोना गेली तिथे. आई बराच वेळ काही बोलली नाही, तवा तापत राहिला.

तर जड्स ऐका, मग लिटल बिग टाउन ऐका, चौघं आहेत, दोन बायका दोन पुरुष, आणि मुख्य गायक ठरलेला नाही, गाणं बदललं की पुढचा आवाज बदलतो, ओळखायचा खेळ खेळा गाडीत. अलाबामाही ऐका, एंटरटेनर ऑफ द इयर १९८२ पासून सलग तीन वर्षं नेणारा ग्रुप, तिघं चुलत-मावस भावंडं आणि एक ड्रमर.

खायचं काय. नॅशव्हिलचं हॉट चिकन मागवायचं की नाही यावर दरवर्षी मतदान होतं, मागवा, पण मुलांसाठी तिखट नसलेलं वेगळं सांगा, इथलं तिखट म्हणजे कोल्हापुरी तर्रीला मान खाली घालायला लावेल असं असतं. शाकाहाऱ्यांना कॉर्नब्रेड आणि ठेचा, हे जमतं छान, मक्याच्या भाकरीची बहीणच ती. चहा मध्येच लागतो, साडेआठच्या जाहिरातीत ठेवा, आधी ठेवला तर उकळून कडू होतो. टोप्या-बूट ज्यांना घालायचेत त्यांनी घाला, माझा नवरा घालतो, त्याला सांगून काही होत नाही.

कोणाला खरोखर ब्रिजस्टोन अरीनात, म्हणजे सोहळा होतो तिथेच, जाऊन बघायचं असेल तर तिकिटं सामान्य लोकांनाही मिळतात, पण बॅगेचे नियम आधी वाचा, गाडी लांब लावून चालत या, नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावर त्या दिवशी पार्किंगच्या नादी लागू नका. वेळ असेल तर दुपारी रायमन हे जुनं सभागृह बघून घ्या, लाकडी बाकं आहेत चर्चसारखी, कारण ते चर्चसारखंच बांधलेलं, १८९२ चं.

शेवटचं, आई यंदा ऑक्टोबरात परत जातेय सांगलीला, त्यामुळे तिची चिठ्ठी व्हॉट्सॅपवर येईल आणि मी तिच्यासमोर कॅमेरा धरून बरणीत टाकेन, पाच डॉलर माझ्याकडून. नामांकनाची नावं साधारण सप्टेंबरात जाहीर होतात. ती म्हणाली नुसती नावं पाठवू नकोस, प्रत्येकाचं एक-एक गाणं पाठव, आणि मागच्याचा आवाज नीट येईल असं बघ.