चॅटरूममध्ये ‘म्यूटसाठी मतदान’ कसे बसवावे

मॉडरेटर हजर नसताना कुणी शिवीगाळ सुरू केली, तर सदस्यांच्या हाती काहीतरी उपाय हवा. मात्र मतदानाने फक्त तात्पुरते म्यूट व्हावे, म्हणजे त्या सदस्याला काही वेळ मेसेज टाकता येऊ नयेत. कायमचा बॅन मॉडरेटरच्याच हाती ठेवा. कंपू जमवून एखाद्याला हाकलणे फार सोपे असते, आणि त्यात बहुधा वेगळे मत मांडणाराच भरडला जातो.

आधी मताधिकार ठरवा. सदस्य रूममध्ये येऊन किमान ७ दिवस झालेले असावेत आणि गेल्या २४ तासांत त्याने निदान एक मेसेज टाकलेला असावा. ही अट नसेल तर एकच माणूस पाच नवी खाती काढून कुणाचेही तोंड बंद करू शकतो.

मग किती मते लागतील ते. टक्केवारी एकूण सदस्यांवर काढू नका. ८०० जणांच्या रूममध्ये २० टक्के म्हणजे १६० मते. रात्री दोन वाजता ती येणार कुठून? त्या वेळी हजर असलेले, मताधिकार असलेले सदस्य मोजा. ४० असतील तर ८ मते पुरेत, पण ५ पेक्षा कमी कधीच नकोत. हा आकडा मतदान सुरू होताच गोठवा, नाहीतर लोक बाहेर पडतील तसा तो घसरतो. मुदत ५ मिनिटे. चालू मोजणी लपवा. ‘७ झाली’ असे दिसले की आठवे मत विचार न करताच पडते.

डेटाबेसमध्ये मतदान क्रमांक आणि खाते या जोडीवर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे एका खात्याचे एका मतदानात दुसरे मत नोंदवलेच जाणार नाही. मत नोंदवणे आणि म्यूट करणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही कामे एकत्र होतात किंवा एकही होत नाही), मतदानाची ओळ लॉक करून करा. तसे न केल्यास एकाच क्षणी आलेली दोन मते शिक्षा दोनदा लावतात.

म्यूट पहिल्यांदा १० मिनिटे, २४ तासांत पुन्हा वेळ आली तर १ तास. दोघांचीच जुंपली असेल तर मतदानाऐवजी स्लो मोड बरा; त्यात प्रत्येकाला दोन मेसेजच्या मध्ये ठरावीक वेळ थांबावे लागते. टेलिग्राममध्ये तो काही सेकंदांपासून १ तासापर्यंत लावता येतो.

शब्दांची चाळणी लावताना मराठीत खास काळजी घ्यावी लागते. ‘चोर’ शब्द कुठेही सापडला की अडवा, असे सांगितले तर ‘कचोरी’ही अडते. पूर्ण शब्दच जुळवला तर ‘चोराला’, ‘चोरट्या’ सुटतात. म्हणून शब्दाची सुरुवात जुळवा. तरी ‘चोरून’ अडकेलच. त्यामुळे चाळणीने मेसेज थेट रोखू नये, फक्त मॉडरेटरपुढे ठेवावा. शिवाय ‘भिकाऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर (पडद्यावर न दिसणारे जोडचिन्ह) जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले कोड वेगळे असतात आणि युनिकोडचे एनएफसी रूपांतर (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एका रूपात आणण्याची ठरलेली पद्धत) त्यांना एक करत नाही. तपासणीपुरती मेसेजची प्रत काढा, तिच्यातले जॉइनर काढून टाका आणि ‘ऱ’चा ‘र’ करा. शब्दयादीवरही हेच करा.

वादग्रस्त मेसेज पुसू नका, झाका; अपील आले की मॉडरेटरला मूळ मजकूर लागतो. कुणी मत दिले ते फक्त मॉडरेटरला दिसू द्या. तेच पाच जण पुन्हा पुन्हा एकाच माणसावर मते टाकत असतील, तर त्यांचा मताधिकार महिनाभर काढून घ्या.