उशिरा सुरुवात करून गोल्फमध्ये किती वर जाता येतं? खान्देशात राहून सराव कसा करावा

जळगाव-धुळ्याकडे कोणी 'मी गोल्फ खेळतो' म्हटलं की समोरचा आधी 'कुठे?' असंच विचारतो. प्रश्न रास्त आहे. नाशिकला गोल्फ क्लब मैदान आहे खरं, पण तिथे रणजीचे सामने होतात आणि सकाळी लोक फेऱ्या मारतात. तरीही नोकरीच्या निमित्ताने बंगळूर-दुबई करून आलेली, तिकडे हातात स्टिक धरलेली मंडळी आता इथेही भेटतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एक शंका असते: रोज घाम गाळला, तर आपण खरोखर वरच्या दर्जाचे खेळाडू होऊ का?

थोडक्यात उत्तर असं. तिशी-पस्तिशीत सुरुवात करून एक आकडी हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) गाठणं मेहनती माणसाला शक्य आहे. शून्यावर येणं फार अवघड, आणि टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, पोट भरणं जवळजवळ अशक्य. पण हे 'जवळजवळ' कुठून येतं आणि आपण स्वतः यात कुठे बसतो, हे मोजून पाहता येतं. ते कसं मोजायचं आणि त्यासाठी सराव कसा करायचा, ते पुढे दिलं आहे.

१. 'चांगला खेळाडू' याऐवजी एक आकडा ठरवा

गोल्फमध्ये हा आकडा तयारच आहे. समजा, तुम्ही १८ होलमध्ये, म्हणजे एका पूर्ण फेरीत, ९५ फटके घेतले. त्या मैदानाचं कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला तिथे लागणारे फटके) ७१.२ आणि स्लोप (साधारण खेळाडूला ते मैदान किती जड जातं, याचा आकडा) १२५ आहे. ९५ मधून ७१.२ वजा करा, उत्तराला ११३ ने गुणा आणि १२५ ने भागा. येतात २१.५. अशा शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांची सरासरी म्हणजे तुमचा हँडिकॅप. २०२० पासून जगभर हीच पद्धत आहे. रेटिंग आणि स्लोप हे दोन्ही आकडे स्कोअरकार्डावर छापलेले असतात, त्यामुळे हिशेब स्वतःच्या वहीतही होतो.

सर्वांत चांगल्या आठच फेऱ्या धरल्या जातात, हे लक्षात ठेवा. हँडिकॅप १० असलेला माणूस रोज रेटिंगपेक्षा दहा फटके जास्त मारत नाही. तो बहुतेक दिवशी तेरा-चौदा जास्त मारतो आणि त्याचा चांगला दिवस दहाचा असतो.

पायऱ्या साधारण अशा: पहिल्यांदा शंभराच्या आत येणं, मग नव्वदच्या आत, मग एक आकडी हँडिकॅप, मग शून्य, ज्याला स्क्रॅच म्हणतात. टूरवरचे व्यावसायिक त्याच्याही पलीकडे, प्लस ५ च्या आसपास, म्हणजे शून्याच्याही पाच फटके खाली, असतात. वहीत पुढच्या दोन वर्षांसाठी यातली फक्त एक पायरी लिहा.

२. उशिरा आलेल्यांचं काय झालं, ते पाहा

अमेरिकेतल्या पोर्टलंडचा फोटोग्राफर डॅन मॅक्लॉक्लिन याने २०१० मध्ये, वयाच्या तिशीत, नोकरी सोडली. तोवर तो १८ होलची एक फेरीही खेळला नव्हता. दहा हजार तास सराव करून व्यावसायिक व्हायचं, असा त्याचा बेत होता. सुरुवातीला त्याने फक्त पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची स्टिक, हातात घेतला आणि होलपासून एक फुटावरून चेंडू ढकलत तो हळूहळू मागे सरकत गेला. सुमारे सहा हजार तासांनंतर, २०१५ मध्ये, पाठीच्या दुखण्याने त्याला थांबवलं. तोपर्यंत त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला होता.

हौशी खेळाडूसाठी हे यश प्रचंड आहे. पण २.६ आणि प्लस ५ यांच्यात एका फेरीला साडेसात फटक्यांचं अंतर आहे. स्पर्धा चार फेऱ्यांची असते, म्हणजे तीस फटके. तिथे एका फटक्यावरून बक्षिसाची रक्कम बदलते.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत, आणि ती सांगितली नाहीत तर चित्र अर्धवट राहील. लॅरी नेल्सन व्हिएतनामच्या युद्धातून परतल्यावर एकविसाव्या वर्षी गोल्फ शिकला आणि त्याने तीन मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या. काल्व्हिन पीट तेविसाव्या वर्षी सुरू झाला. लहानपणी मोडलेला डावा कोपर सरळ होत नसतानाही त्याने अमेरिकेतल्या पीजीए टूरवर १२ विजेतेपदं मिळवली. कोरियाचा वाय. ई. यांग एकोणिसाव्या वर्षी खेळायला लागला आणि २००९ मध्ये टायगर वूड्सला मागे टाकून पीजीए चॅम्पियनशिप घेऊन गेला. मात्र नेल्सन पहिल्या वर्षाच्या आतच सत्तरच्या खाली खेळत होता. यांच्या उशिरा सुरू होण्यापेक्षा यांचा सुरुवातीचा वेग माझ्या मते जास्त बोलका आहे.

३. तास मोजणं सोडा

दहा हजार तासांचा आकडा आला तो १९९३ मधल्या मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून, आणि तोही बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरच्या. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्याने केलेला सराव सरासरी एवढा भरला होता. एवढे तास केले की कोणीही वर पोचतो, असं एरिक्सन यांनी कधी म्हटलं नव्हतं. पुढे लोकांनी तसा नियम केला तेव्हा त्यांनी त्यावर आक्षेपच घेतला. बुद्धिबळात मास्टर व्हायला कोणाला तीन हजार तास पुरले, तर कोणाला तेवीस हजारांहून जास्त लागले. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा खेळाडूंमधला सुमारे १८ टक्के फरकच नेमक्या सरावाने समजावता आला.

तसाही हा आकडा नोकरदाराच्या कामाचा नाही. आठवड्याला दहा तास काढले, तरी दहा हजार व्हायला एकोणीस वर्षं लागतात. त्यापेक्षा प्रत्येक फटक्यानंतर 'काय चुकलं' हे तुम्हाला कळतं की नाही, ते पाहा. जिथे ते कळत नाही, तो वेळ व्यायामात धरा.

४. स्टिकचा वेग मोजून घ्या

पुण्या-मुंबईच्या एखाद्या गोल्फ सिम्युलेटरवर (पडद्यावर चेंडू मारून फटका मोजायचं यंत्र) अर्धा तास घ्या आणि ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या स्टिकचा, वेग लिहून आणा. पीजीए टूरवर तो सरासरी ताशी सुमारे १८५ किलोमीटर असतो, साधारण हौशी पुरुषाचा १५० च्या आसपास. सरावाने आणि ताकदीच्या व्यायामाने तो वाढतो, पण वयाच्या चाळिशीनंतर फार नाही. तुमचा वेग १४० असेल तर एक आकडी हँडिकॅप अजूनही आवाक्यात आहे. स्क्रॅचचं स्वप्न मात्र महाग पडेल.

५. शेताचा उपयोग कशाला होतो आणि कशाला नाही

रब्बीचं पीक निघालं की रान मोकळं होतं. सगळ्यांना आधी तिथे उभं राहून जोरात मारायचं असतं. जरा हिशेब करा. एक एकर चौरस धरला तर त्याची बाजू जेमतेम ६४ मीटर. सात नंबरच्या आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या लोखंडी स्टिकने) साधारण माणसाचा चेंडूही १२०-१३० मीटर जातो. म्हणजे तो शेजाऱ्याच्या केळीत, नाहीतर रस्त्यावरच्या गाडीच्या काचेवर. ४६ ग्रॅमचा हा टणक चेंडू डोक्यात बसला तर जीव जाऊ शकतो. पूर्ण फटक्यासाठी सरळ लांबीत दोनशे मीटर मोकळं, नजरेच्या टप्प्यातलं आणि मालकाने परवानगी दिलेलं रान नसेल, तर तिथे मारू नका.

मात्र एक एकर वेजसाठी, म्हणजे जवळचे उंच फटके मारायच्या स्टिकसाठी, उत्तम आहे. बांबूच्या काठ्या २०, ३०, ४० आणि ५० मीटरवर रोवा, प्रत्येकीच्या पायथ्याशी गोणपाट अंथरा आणि चेंडू गोणपाटावर पडला पाहिजे असं ठरवा. पुढे कितीही घरंगळू दे. बांधावरून कोणीतरी 'हाई काय शे भो?' विचारणारच. त्याला चेंडू वेचायला लावा.

काळ्या जमिनीचा एक फायदा आहे जो शहरातल्या रबरी मॅटवर मिळत नाही. मॅटवर चेंडूच्या मागे आपटलेली स्टिक घसरून पुढे जाते आणि फटका बरा वाटतो. भुसभुशीत काळ्या मातीत ती तिथेच रुतते. फक्कीने एक सरळ रेघ आखा, तिच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असे उभे राहा आणि चेंडूशिवाय आयर्न फिरवा. माती रेघेवर किंवा रेघेच्या पुढे उकरली गेली तर फटका बरोबर. मागे उकरली गेली तर चूक डोळ्यासमोर आहे, कोच लागत नाही. रेघेच्या कडेने सरकत वीस-पंचवीस वेळा करा. मे महिन्यात भेगाळलेल्या, दगडासारख्या झालेल्या जमिनीवर हे करू नका, मनगट जाईल.

भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते आठ एवढीच वेळ. पावसाळ्यात चिखल बुटालाच नाही तर स्टिकलाही सोडत नाही. ते चार महिने घराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

६. घरात पटिंग आणि जाळी

गोल्फचं होल १०८ मिलिमीटर व्यासाचं असतं. फरशीवर खडूने तेवढं वर्तुळ काढा. पटरच्या पुढे हातभर अंतरावर चेंडू जेमतेम जाईल एवढ्या फटीने दोन नाणी ठेवा. नाण्यांना न लागता चेंडू गेला की दिशा बरोबर. सतरंजीवर केलं तर आणखी बरं. पण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू किती घरंगळतो, हे ना फरशी शिकवते ना सतरंजी. दिशा घरी, अंदाज कोर्सवर.

पटिंग घरात सोपं आहे म्हणून सगळा वेळ त्यातच घालवू नका. गोल्फच्या आकडेवारीचे अभ्यासक मार्क ब्रोडी यांनी पीजीए टूरच्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडून दाखवलं की खेळाडू-खेळाडूतला सुमारे दोन-तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत असतो. आठ फुटांवरून टूरचे खेळाडूही निम्मेच पट घालतात. तुमचा एक हुकला तर डोकं धरून बसू नका.

लांब फटक्यांसाठी गच्चीवर किंवा अंगणात जाळी लावा. क्रिकेटच्या सरावाची जाळी स्वस्त पडते, पण तिचं भोक अनेकदा गोल्फच्या चेंडूपेक्षा मोठं असतं. दुकानात जाताना चेंडू खिशात न्या आणि भोकातून घालून पाहा. जाळी ताणून बांधू नका, सैल सोडा, नाहीतर चेंडू तुमच्याच अंगावर परत येतो. बाजूला मोबाईल उभा करून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा.

एकाच स्टिकने ओळीने पन्नास फटके मारले की शेवटचे दहा झकास बसतात आणि माणूस खूश होऊन घरी जातो. दुसऱ्या दिवशी त्यातलं फार थोडं उरतं. प्रत्येक फटक्याला स्टिक बदला: सात नंबर, वेज, ड्रायव्हर, परत वेज. सराव वाईट दिसेल, पण अंगात टिकेल. आलटून-पालटून केलेला सराव सरावाच्या वेळी कच्चा आणि नंतर पक्का ठरतो, हे १९७९ पासून प्रयोगांत दिसलेलं आहे.

आठवड्यातून दोनदा कमरेचा आणि मांड्यांचा व्यायाम करा, आणि सरावाच्या शेवटी उलट बाजूनेही दहा-वीस वेळा स्टिक फिरवा. डॅनची पाठच आड आली, हे विसरू नका.

७. कोर्सचे दिवस विकत घ्या

खान्देशातल्या खेळाडूला सगळ्यात जास्त तुटवडा याचाच आहे. कोलकात्याचा एस. एस. पी. चौरसिया रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचा मुलगा. कोर्सवरच वाढला आणि पुढे २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. घराबाहेर पडलं की ग्रीन, हे त्याचं भांडवल होतं. ते आपल्याकडे नाही, म्हणून त्याला पैसे मोजावे लागतात.

येरवड्याचं पूना क्लबचं कोर्स किंवा चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, जिथे ओळख निघेल तिथे आधी फोन करून पाहुण्यांचे नियम आणि शुल्क विचारा. महिन्यातून एकदा, रात्रीच्या गाडीने जाऊन दोन दिवस राहा. पहिल्या सकाळी तिथल्या प्रशिक्षकाचा एक तास घ्या आणि महिनाभराचं एकच काम त्याच्याकडून लिहून आणा. दुपारभर फक्त उतारावरचं पटिंग आणि वाळूतले फटके, कारण हे दोन्ही इथे होत नाहीत. दुसऱ्या दिवशी १८ होल, प्रत्येक फटका वहीत. नवीन महागडा ड्रायव्हर घ्यायचा विचार असेल, तर तेच पैसे या प्रवासाला लावा.

८. दोन वर्षांनी निर्णय घ्या

हँडिकॅप अजून उतरत असेल तर काहीही बदलू नका. वर्षभर एकाच जागी अडकला असेल तर तास वाढवू नका, प्रशिक्षक बदला. १० च्या आत आला असाल तर कामधंदा सांभाळून हौशी स्पर्धा खेळायला लागा.

आणि २ च्या खाली येऊन भारतीय व्यावसायिक टूरच्या, म्हणजे पीजीटीआयच्या, पात्रता फेरीचे विचार डोक्यात येऊ लागले, तर आधी एक परीक्षा घ्या. अनोळखी कोर्सवर सलग चार दिवस, मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या सर्वांत लांबच्या जागेवरून), प्रत्येक पट होलमध्ये घालून खेळा. 'हा गेलाच समजा' म्हणायला सोबत मित्र नको, म्हणजे परक्या माणसाला कार्ड लिहायला द्या. चार दिवसांची बेरीज पारपेक्षा, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, दहा जास्तच्या आत राहिली तर अर्ज मागवा. वीस-पंचवीस आली, तर अर्जाच्या फीमध्ये येरवड्याच्या आणखी फेऱ्या होतात.